जिभेकडची बाजू

बावन्नाव्या वर्षी दात सरळ करायचे
आणि ते कुणाला कळू द्यायचं नाही.
यातल्या फक्त ‘कळू द्यायचं नाही’ची किंमत
ट्रिएस्टमध्ये चार हजार नऊशे युरो आहे.

मी हिशेब मांडलाय गेल्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पाठीवर.
बाहेरून, धातूच्या ब्रेसेस, तीन हजार दोनशे.
बाहेरूनच, पण दाताच्या रंगाच्या, तीन हजार नऊशे,
त्यांच्या रबरांना कॉफीचे डाग पडतात
आणि या गावात कॉफी सोडणारीला लोक आजारी समजतात.
पारदर्शक साचे, रोज बावीस तास, चार हजार चारशे,
पण डॉक्टर म्हणाले, तुमचा सुळा त्यांना दाद देणार नाही.
मग आतून, जिभेकडच्या बाजूनं. आठ हजार शंभर.
रिटेनर वेगळा.
तार तुटली तर ऐंशी, हे बारीक अक्षरात.

‘त्या पैशात बाथरूम नवं होईल, नीव्हेस,’
फोनवर बहीण म्हणाली.
फुल्वियाच्या दातांमधून वाक्य किती सरळ बाहेर येतं.
बाबा गोदीत क्रेन चालवायचे,
घरात एकाच तोंडापुरते पैसे होते,
तिचे दात जास्त वाकडे होते.
न्यायच झाला तो. मी तेव्हाही काही म्हटलं नाही,
ओठ मिटलेलेच होते.

सत्तावीस वर्षं मी नगरपालिकेत लग्नं लावते.
खांद्यावरून तिरंगी पट्टा, हातात कलमं,
शेवटी फोटो.
किती घरांच्या अल्बममध्ये कडेला उभी असेन मी
तोंड बंद करून.
एका नवरीच्या आईनं हळूच विचारलं होतं,
बाईंना काही दुखतंय का?

मार्चमध्ये बसनं रियेकाला गेले. मधे थोडा स्लोव्हेनिया लागतो.
डॉक्टर लोवोर्का ब्रनिच आतूनच लावतात, पाच हजार तीनशेत.
बावीस खेपा, खेपेला अठ्ठावीस युरो तिकीट, सहाशे सोळा.
तरी एकवीसशे चौऱ्याऐंशी वाचतात.
पण तार शनिवारी रात्री तुटली
तर रियेका तेवढंच लांब.

त्यांनी माझ्या दातांच्या मागे मेण थापलं.
‘साधारण इतकी जागा जाईल. आता काहीतरी बोला.’
मला दुसरं काय पाठ आहे?
‘पती-पत्नींवर परश्पर निष्ठा,
शहाय्य आणि शहवाश बंधनकारक आहे.’
ट्रे धरून उभा असलेला मदतनीस, वेद्रान,
पंचविशीतला, अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाला,
‘मला मान्य आहे.’
आणि मी हसले.
तोंडावर हात नेईपर्यंत
तिघांनीही ते पाहून घेतलं होतं. मीसुद्धा,
समोरच्या दिव्याच्या काचेत.

जीभ तीन आठवड्यांत शिकते म्हणाल्या,
कुणाची सहा.
मे महिन्यात माझ्याकडे अकरा लग्नं आहेत,
त्यातलं एक स्तेफानो आणि सुझानाचं.

मेण काढून टाकायला विसरले.
परतीच्या बसमध्ये पुटपुटत होते,
श्तेफानो, शुझाना, शहवाश,
शेजारची बाई पिशवी उचलून पुढे जाऊन बसली.
डोंगर उतरताना समुद्र दिसला
तेव्हा तो तुकडा रुमालात घेतला.
सहा दातांच्या पाठी उमटल्या होत्या त्यावर.
एवढ्या वर्षांत मी त्या बाजूनं
स्वतःला कधी पाहिलंच नव्हतं.

रात्री कॅलेंडर पुन्हा उलटं केलं.
चारही आकडे तसेच, पाचवा रियेकाचा.
झोप लागेना तेव्हा जीभ
गेली तिच्या नेहमीच्या जागी,
डावीकडे, जिथे एक दात दुसऱ्यामागे दडलाय
आणि मधे तिच्या टोकाएवढाच कोनाडा आहे.
शाळेत फळ्यासमोर, आईच्या दवाखान्यात,
प्रत्येक लग्नात कलम वाचण्याआधी
ती तिथे जाऊन टेकते.

तो बुजवायचे किती,
हे मी दोन्ही डॉक्टरांना विचारलं नाही.